तक्रारीला हसरा चेहरा

४ मार्च, सोमवार
आजपासून प्रत्येक तक्रारीच्या उत्तरात एक तरी इमोजी घालायचा. साहेबांचा हुकूम. त्यासाठी बाहेरून तज्ज्ञ आणलाय, त्याने कॉम्प्युटरवर तक्रारींची नवी यंत्रणाही बसवली. म्हणाला, ग्राहकाला आपला चेहरा दिसत नाही, म्हणून तो पाठवायचा. आमची कंपनी लिफ्ट दुरुस्तीची. दोन तास आम्ही सगळे पिवळ्या चेहऱ्यांमधले फरक शिकलो. दात दाखवणारा फक्त जुन्या ग्राहकांना!

५ मार्च
एका इमारतीची लिफ्ट कालपासून बंद. तक्रार चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त ड्रॉइंग मास्तरांची. एकटेच राहतात, नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मी लिहिलं, 'माणूस लवकरच येईल', पुढे हसरा चेहरा.
उत्तर आलं – 'आपण हसता का आहात?'

६ मार्च
तज्ज्ञाच्या मते अशा वेळी हात जोडावेत. जोडले. मास्तर लिहितात, 'नमस्कार पोचला. लिफ्ट पोचली नाही.'
मी खुदकन हसले, मग लाज वाटली.

८ मार्च
रडका चेहरा पाठवला. 'रडू नका, माणूस पाठवा.'
दुरुस्तीवाल्यांना विचारू का, म्हणून साहेबांकडे गेले. म्हणाले, तक्रारी कॉम्प्युटरवरून त्यांच्याकडे आपोआप जातात, तुम्ही उत्तरात ओलावा आणा. घरी नवऱ्याला सांगितलं. तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, 'ओलाव्याने लिफ्ट गंजेल.'

११ मार्च, सोमवार
मीटिंग. पडद्यावर आलेख – मिटलेल्या तक्रारी एका आठवड्यात दुप्पट. तज्ज्ञाला पुष्पगुच्छ. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.
मास्तरांना 'धीर धरा' लिहून दंड फुगवलेला हात पाठवला. उत्तर नाही.

१२ मार्च
सकाळी फूल पाठवलं. मास्तर गप्पच. साहेब खूश, माणूस शांत झाला म्हणाले. मला कामात लक्ष लागेना. फोन केला तर बंद.

१३ मार्च
जेवणाच्या सुट्टीत सरळ त्यांच्या घरी गेले. चार मजले चढून धाप लागली. बेल वाजवल्यावर बऱ्याच वेळाने काठी टेकत मास्तर आले. गुडघा सुजून टम्म. टाके काढायची तारीख परवाच उलटली – खाली उतरणार कसे? दूध-भाजी शेजारीण आणून देते. फोन बंद करून कपाटात टाकलेला.
मी कोण ते सांगितलं. उत्तरं मीच पाठवते, हेही. वाटलं, आता फाडून खातील. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे नीट पाहिलं.
'म्हणजे तुम्हाला चेहरा आहे तर.'
मान वर करवेना. त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी घरी येऊन बघतो म्हणाले. जिना उतरता उतरता आमच्या मेकॅनिकला फोनवर गाठलं, सगळं सांगितलं. अर्ध्या तासात आला आणि वीस मिनिटांत लिफ्ट चालू!

१४ मार्च
मेकॅनिकला विचारलं, इतके दिवस का आला नाहीस. ही तक्रार त्याच्या यादीत कधी आलीच नव्हती. उत्तरात इमोजी गेला की नवी यंत्रणा तक्रार मिटली असं धरते.
दर वेळी मीच ती मिटवत होते.