जवळच्या खांबाशी उभा माणूस

४ फेब्रुवारी, मंगळवार

कोचना आज नोकरीवरून काढलं! नोकरी खोटी, क्लब खोटा, काढणारं संचालक मंडळही कॉम्प्युटरच्या पोटातलं. पण माणूस खरा आहे ना! दातांच्या लॅबमधून घरी आले तर जेवणाचं ताट झाकलेलं तसंच, आणि हे खुर्चीत. पडद्यावर पत्र – 'सलग सात पराभवांनंतर मंडळाने आपली सेवा थांबवण्याचा निर्णय घेतला आहे.' मला मोठ्याने वाचायला लावलं. मग पुन्हा एकदा. मग म्हणाले, "बरोबर... बरोबर आहे त्यांचं."

त्या मंडळाच्या एक कानाखाली वाजवावीशी वाटली मला.

ऑगस्टमध्ये झटका आला. उजवा हात, उजवा पाय अजून ऐकत नाहीत. शब्द येतात, पण एकेक करून, रांग लावून. त्याआधी एकोणीस वर्षं क्लबच्या मुलींच्या फुटबॉल संघाचे कोच. सगळे त्यांना कोचच म्हणतात, मीसुद्धा – तोंडावर 'अहो', पाठीमागे कोच. डोक्याला चालना मिळेल म्हणून भाचीने हा गेम घालून दिला. यात आपण खेळायचं नाही, नुसतं ठरवायचं – कोण कुठे उभा राहील, कोण बाहेर बसेल, कुणाला कधी बदलायचं. सामना मग आपोआप होतो. डावा हात पुरतो.

चालना मिळाली ती ही अशी!

५ फेब्रुवारी, बुधवार

नवा क्लब मिळाला. चौथ्या विभागात, तळाला. दुसरं कोण घेणार म्हणा.

संध्याकाळी भाचीचा फोन. कॉलेजपासून हा गेम खेळते ती. "मामा, किती सरळ खेळता हो तुम्ही! कॉर्नर मिळाला की तुमचा सगळ्यात उंच गडी गोलच्या जवळच्या खांबाशी उभा करा. त्याला अडवायचं कॉम्प्युटरला सुचतच नाही. फुकटचे गोल! सगळे तेच करतात."

हे म्हणाले, "खऱ्या मैदानावर... एकदा होईल. दुसऱ्यांदा समोरचा बॅक... पाय रोवून उभा राहील तिथे."

"पण हा कॉम्प्युटर आहे मामा, त्याला नाही कळत!"

"मला कळतं."

फोन ठेवल्यावर मी तोंड सोडलं. एका डब्याला फसवलं तर कुणाचं काय जाणार आहे? तो डबा काय पोलिसांत जाणार आहे? इतकं तत्त्व सांभाळून रोज तोंड पाडून बसायचं ते कशासाठी?

त्यांनी बराच वेळ शब्द जुळवले. मग डोक्याला बोट लावून म्हणाले, "हे चालतं का... ते बघायचंय मला. कॉर्नरने जिंकलो तर... कसं कळणार?"

मी गप्प बसले. गप्प बसते तेव्हा पटलेलं असतंच असं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

०-४. अर्धी पोळी खाल्ली.

१० फेब्रुवारी, सोमवार

केलं! मीच केलं.

आठला कोच आंघोळीला जातात. आता अर्धा तास लागतो, कारण आत ते संघाशी बोलतात. व्यायामवाल्या बाईंनी सांगितलंय, मोठ्याने बोलायचा सराव ठेवा. तर नळ चालू आणि त्यावरून, "मुलींनो, पहिली दहा मिनिटं... चेंडू... चेंडू ठेवा." मुली कुठल्या, समोर बादली. मैदानावर परत जायचंय त्यांना. म्हणत नाहीत, पण घरभर तेच आहे.

तेवढ्यात मी गेम उघडला. कॉर्नरचं पान कुठे असतं ते दोन दिवस भाचीकडून मेसेजवर शिकत होते. सहा फूट चार इंचांचा एक बॅक आहे, बचावासाठी मागे राहणारा. त्याला मागून उचलला, जवळच्या खांबाशी ठेवला. सेव्ह. बंद. बशीत साखर चोरून खाताना जशी छाती उडते तशी उडत होती.

अपराधी वाटायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर फारसं वाटलं नाही. आमच्या धंद्यात हे रोजचंच. मी कवळ्या बनवते. एखादे आजोबा म्हणतात, टोचते. डॉक्टरीणबाई कवळी माझ्याकडे पाठवतात, मी निळ्या कागदाने खूण घेते आणि केसभर घासते. काही आजोबांना दुरुस्ती म्हटलं की राग येतो, कवळीच फेकतात. त्यांना बाई सांगतच नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खूश – बघा, झाली ना मला सवय! होऊ दे की. घास तर चावता येतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल १-१. पहिला गुण! आणि आज २-० जिंकले!! फ्रिजवर डाव्या हाताची चिठ्ठी, अक्षरं कोंबडीने काढल्यासारखी, पण '२' केवढा मोठा!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पाच सामने, तीन विजय, दोन बरोबरी. तळातून वर सरकलो. (सरकलो! मीही आता संघात.)

एक कटकट आहे. मी उभा केलेला तो उंच बॅक दुसऱ्या दिवशी बघावं तर परत जुन्या जागी. म्हणजे ही सेटिंग एकाच सामन्यापुरती टिकते. रोज सकाळी पुन्हा करावं लागतं. भाचीला विचारलं तर म्हणाली, "असं व्हायला नको खरं तर मामी. नव्या आवृत्तीत काहीतरी गोंधळ असेल." असेना का. दात घासावेत तसं रोज उरकते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सामना नाही. कोच रविवारी संघाला विश्रांती देतात. कॉम्प्युटरमधल्या माणसांना! हसायची सोय नाही.

मग दुपारी मला शिकवणी. आपला संघ गरीब आहे, पण पळण्यात कुणाला हार जायचा नाही. आधी ते त्याला आपल्या मुलींसारखं पुढे जाऊन खेळवत होते, ती चूक झाली. "आता मागे थांबायचं... त्यांना येऊ द्यायचं. मग एक लांब पास." डावा बॅक साठ मिनिटांनंतर दमतो, म्हणून त्याला आधीच काढायचा. वहीत प्रत्येक समोरच्या संघावर दोन-दोन पानं. वाकडीतिकडी, पण भरलेली.

मी हो हो म्हणत होते. माणूस इतका जीव तोडून सांगतोय आणि जिंकवतोय तो माझा खांबापाशी उभा केलेला टोणगा. चहाचं निमित्त करून उठले.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दोन पोळ्या, वर भात. बोलणंही सुधारलंय. आज शेजारच्या काकांना कोचनी जिन्यात थांबवून पाच मिनिटं सामना सांगितला. काका अडकले, मी मुद्दाम सोडवलं नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

उगाच विचारलं. नको होतं विचारायला.

जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "अहो, आजच्या तीन गोलांत कॉर्नरवरचा होता का एखादा?" मला वाटलं, तेवढीच चोरून मजा.

"कॉर्नर? नाही. एकही नाही."

"आणि काल?"

"कालही नाही. लांब पास... उजवीकडून. मग पळत." आणि चमच्याने ताटात पळून दाखवलं. कोण कुठून आला, कुणी सोडला, सगळं. "कॉर्नरवर एकसुद्धा नाही... अख्ख्या महिन्यात."

माझा घास तोंडातच राहिला. सकाळी मीच तर त्याला खांबाशी उभा केला होता! गोल तिथूनच येतायत. आणि हे मला न झालेला सामना सांगतायत, इतका रंगवून, इतक्या खात्रीने. घरी सोडताना दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बजावलं होतं – झालेलं विसरतील ते चालेल. न झालेलं झालं म्हणून सांगायला लागले तर मला कळवा.

मी म्हटलं, "भात वाढू?"

"वाढ," म्हणाले. खुशीत होते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

क्लबच्या सचिवांचा फोन, लॅबमध्ये. हातात गरम मेण, कानाखाली फोन दाबलेला.

"वहिनी, पुढच्या महिन्यात नवा हंगाम. मुली रोज विचारतात, कोच कधी येणार. धावायला नको, ओरडायलाही नको, ते दुसरं कुणी करेल. बाकावर बसून डोकं चालवायचं फक्त. शुक्रवारी संध्याकाळी सहाला समितीची बैठक आहे. तुम्ही रोज बघता त्यांना. खरं सांगा, डोकं कसं आहे?"

मी म्हटलं, "बुधवारी सांगते."

"त्यांना आत्ताच काही बोलू नका. आशा लावून मग नाही म्हणायला नको."

मेण थंड झालं. सगळं पुन्हा वितळवलं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हो म्हणावं का? हो म्हणायला एक शब्द लागतो. काय होईल फार तर? हरतील. हरले नाहीत का आधी?

पण मग डोळ्यांपुढे येतं – भरलेलं मैदान, विश्रांतीची दहा मिनिटं, मुली रिंगण करून उभ्या, आणि कोच त्यांना न झालेला खेळ समजावतायत. मुली एकमेकींकडे बघतायत. कुणी हसत नाही, ते तर आणखी वाईट. आणि एका क्षणी ह्यांच्या लक्षात येतंय. ते लक्षात येणं मला सहन व्हायचं नाही.

हा सगळा घोळ माझाच. मी तो बॅक हलवला नसता तर हे हरत राहिले असते, आणि निदान स्वतःबद्दल खरं ते त्यांना कळलं असतं. त्यांना तेच तर बघायचं होतं. आता फुगा मी फुगवलाय आणि फोडायचाही मीच.

आज सकाळीसुद्धा हलवला. थांबवायचं कसं? हरले तर खचतील.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सांगितलं. "अजून नको. पुढच्या वर्षी बघू."

"का, वहिनी? काही दिसतंय का?"

"न घडलेल्या गोष्टी सांगतात. अगदी खऱ्यासारख्या."

सचिव म्हणाले, "तुमच्याशिवाय कोण सांगणार होतं. बरं केलंत." आवाज बसला होता त्यांचा. दोघांची जुनी मैत्री.

मी लॅबच्या मोरीत जाऊन रडले. मग तोंड धुतलं आणि दोन कवळ्या घासल्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

"क्लबमधून... फोन नाही ना आला?" नाही म्हटलं. तेवढंच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

लॅबची भट्टी बिघडली, अकरालाच घरी. कोच सामना सुरू करणार होते. म्हणाले, "बस ना!" मी पहिल्यांदाच शेजारी बसले.

सुरू करण्याआधी ते प्रत्येक पान उघडून बघतात. कॉर्नरचं पान आलं. उंच बॅक जवळच्या खांबाशी, सकाळी ठेवलेला तसा. त्यांनी डाव्या हाताने त्याला उचलला आणि मागे नेऊन ठेवला.

"हा रोज... इथे येऊन उभा राहतो. गेम बिघडलाय, भाचीला सांग. मी रोज हलवतो."

"रोज?"

"पहिल्या दिवसापासून. एकदाही... विसरलो नाही."

मग सामना झाला. २-१. दोन्ही गोल उजवीकडून लांब पासवर, अगदी त्यांनी ताटात दाखवले होते तसे. मी डोळ्यांनी पाहिले.

आता दोन वाजलेत. बैठक सहाला. आधी ह्यांना सगळं सांगते, मग सचिवांना फोन.