दोन वाडगे

अब्बासिया, शुक्रवार, संध्याकाळ

अजून ती पानं डोळ्यांपुढून हलत नाहीत. नुसती चित्रंच तर आहेत!

इथे आखातात आमच्या साइटवरच्या जपानी साहेबाने केबिन आवरताना हे जाडजूड चित्रांचं मासिक मला दिलं. मोठ्या माणसांसाठी असतं, म्हणाला. खोलीवर आणलं तर संजूने आधी झडप घातली. "एक पण तसलं चित्र नाय? कसलं रे हे मोठ्यांचं!" म्हणाला आणि दिलं फेकून.

मग मी बघत बसलो. अक्षर कळत नाही, पण चित्र कळतं. एक म्हातारी, तिच्यापुढे एकच वाडगा. मग दारात तिचा मुलगा, हातात बॅग. शेवटी टेबलावर दोन वाडगे. आला बाबा घरी! बरं वाटलं.

शेजारच्या खाटेवरून हैदराबादचा सलीमभाई हसायला लागला. "अरे मियाँ, उलटा देख रहे हो. उर्दू के जैसा उधर से खोलो."

तसं उघडलं. आधी दोन वाडगे. मग दारात मुलगा, बॅग घेऊन. मग एकच वाडगा. पुढे कोणी येतच नाही. संपलं. असं कसं संपवतात?

आणि मी कालच फोरमनला बोललो, या वर्षी पण सुट्टी नको, ओव्हरटाइम द्या.

आईला फोन लावला. जेवलीस काय?

"खाल्लं रे कढईतच. एकटीला ताट कशाला?"

हसत बोलली. हसत!

उद्या बसमधून उतरलो की आधी फोरमनला गाठायचा. ओव्हरटाइम दुसऱ्याला द्या म्हणायचं.