डाव्या हातातली नऊ कणसे

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक (ग्रामीण),
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार : वच्छलाबाई सांडू तुपे, वय ४१, धंदा शेती, ता. फुलंब्री.

विषय : अर्जदाराविरुद्धच पुरावा हलवल्याचा गुन्हा नोंदवून घेण्याबाबत.

संदर्भ : सांडू तुपे खून खटला, निकाल दि. १४/१०/२०२४, आरोपी निर्दोष.

महोदय,

मजकूर बाईंचा आहे. सरकारी मराठीत मी, अर्जलेखक बन्सी, बसवला आहे. जिथे बसला नाही तिथे त्यांचेच शब्द ठेवले आहेत.

१. बाईंचे पती सांडू व शेजारी रामकिसन यांचे बांधावरून दोन वर्षे बोलणे बंद होते. सांडूने रागात एकदा "तोडून टाकीन" म्हटले होते, हे बाई नाकारत नाहीत. जानेवारी २०२२ मध्ये हुरडा आला, तोवर त्याचा राग निवला होता. "रामकिसनला बोलावून आणतो, आगटी पेटव," असे सांगून तो सकाळीच निघाला. उजव्या हातात विळा, डाव्यात नुकतीच कापलेली नऊ कणसे. रामकिसनला विळाच दिसला. त्याने हातातली पहार सांडूच्या डोक्यात घातली आणि माणूस जागीच गेला.

२. लोक धावले. कणसांवर पाय पडू लागले, म्हणून बाईंनी ती वेचून पदरात घेतली व घरी नेऊन ठेवली. पोलीस नंतर आले. पंचनाम्यात विळा आला, कणसे तिथे नव्हतीच. यात पोलिसांचा काही दोष नाही.

३. न्यायालयात बाईंना विचारले, विळा नवऱ्याचाच का? बाई म्हणाल्या, "व्हय." दुसऱ्या हाताचे कुणी विचारले नाही, आणि ज्वारीची कणसे म्हणजे पुरावा हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हते. रामकिसन स्वसंरक्षणाच्या हक्कावर सुटला. तो भ्याला होता हे बाईंना मान्य आहे. त्याला पुन्हा धरा असे त्यांचे म्हणणे नाही. गावात मात्र निम्मे म्हणतात निकाल चुकला, निम्मे म्हणतात सांडू मारायलाच गेला होता.

गावाचे जाऊ द्या. बाईंची मुलगी सरू नववीत आहे. निकालपत्र तिने स्वतः वाचले, आणि तेव्हापासून ती घरात बापाचे नाव काढू देत नाही. आईने वाळलेली कणसे पुढे केली तर म्हणाली, "कागदात तर नाय. तू मागून आणून ठेवली." पोटच्या पोरीने असे म्हटल्यावर बाईंना तीन दिवस अन्न गेले नाही.

म्हणून बाईंवर गुन्हा नोंदवावा. अशा गुन्ह्याला हेतू लागतो, हे मी त्यांना समजावले. त्या म्हणाल्या, "मंग लिवा की हेतू. दाणं लोकांच्या पायाखाली येत व्हतं, लई जीव तुटला." कोर्टाबाहेर बावीस वर्षे टाइप करतो आहे. इथे लोक सुटायला येतात; अडकवा म्हणून हात जोडणारी बाई मी पहिलीच पाहिली.

होईल ती शिक्षा बाई भोगतील. फक्त नोंदीत, मयताच्या डाव्या हातात हुरड्याची नऊ कणसे होती, एवढे वाक्य यावे आणि नोंदीची प्रत घरी पाठवावी. बाईंना वाचता येत नाही. सरू वाचून दाखवील.

आपल्या दारी उभी,
वच्छलाबाई सांडू तुपे (अंगठा)
दि. ०२/१२/२०२४