पडद्यावरचा फाटका कान

३१ जानेवारी १९४८, शनिवार
नंदुरबार. बाजार कडकडीत बंद. काल दिल्लीला प्रार्थनेच्या वेळी तीन गोळ्या. महात्माजी गेले. आधी खोटंच वाटलं. मग कापडवाल्याने आपला रेडिओ ओट्यावर आणून ठेवला. अर्धं गाव तिथं उभं. मीही.
चूल पेटली नाही. माय म्हणाली, "तुन्हा बाप गया तव्हय बी नही पेटनी." आबा कार्तिकात गेले. खांदा द्यायला माणसं गोळा करावी लागली होती. सूत रंगवणाऱ्या रंगाऱ्याच्या मयताला कोण येतं!
येताना पाहिलं. सगळी दुकानं बंद आणि छगनच्या फोटोच्या दुकानाची एक फळी उघडी. काय शिजतंय आत?

२ फेब्रु., सोम.
कळलं काय शिजतंय. छगन स्वतः घरी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. एकेकाळी एका ताटात जेवलो. नाटक कंपनीत मी पडदे रंगवायचो, हा माझे रंगाचे डबे धुवायचा. मग सुरतेला गेला, कॅमेरा घेऊन आला आणि 'छगनभाई' झाला. गावातल्या प्रत्येक लग्नाच्या फोटोमागे त्याचा शिक्का. माझे पडदे पाण्यापावसात फाटले.
त्याला पडदा हवाय. महात्माजी बसलेले, शेजारी जागा मोकळी. गिऱ्हाईक तिथं चटईवर बसणार आणि फोटो. बापूंच्या शेजारी बसल्यासारखा.
"अरे भाई, लोकांना रडायला जागा पाहिजे ने."
जागा! असा राग आला. तरी हो म्हटलं. कार्तिकापासून कुंचला धरलेला नाही.

४ फेब्रु.
नमुना म्हणून वर्तमानपत्रातलं चित्र दिलंय. शाईचा नुसता गोळा, कान कुठला न् डोळा कुठला. अंगणात कापड ताणलं. सफेदा, पिवडी, गेरू हे रंग कालवले, कापडाला चिकट सरस उकळून लावला. सरसाच्या वासाने सौ. वैतागली.
दुपारी चित्र बाजूला टाकलं. डोळे मिटले की चेहरा समोर येत होता. टक्कल, बोळकं, उघडी छाती. हात सरसर चालला. इतका कधीच चालला नव्हता.

६ फेब्रु.
झाला. खरंच सांगतो, एवढं चांगलं काम माझ्या हातून आजवर झालं नव्हतं. छ. पडद्यासमोर बराच वेळ उभा राहिला. डोळे पुसले त्याने. नाटकी! मग एकदम म्हणाला, "काकांचा फोटो राहूनच गेला रे."
ही सुई तो मुद्दाम टोचतो. गेल्या पोळ्याला म्हणाला होता, काकांना दुकानात आण, फोटो काढतो, पैसे नकोत. मी म्हटलं होतं, तुझ्या खोक्याची गरज नाही, मी रंगवणार आहे माझ्या बापाला. माय अजून तेच बोलून दाखवते. "छगन काढी देत व्हता, तूच आडवा पडना."
आणि रंगवलं तरी कुठं? ते गेले त्याच महिन्यात दोनदा बसलो. चेहराच आठवेना.

८ फेब्रु., रवि.
जत्रा लोटलीय! रनाळ्याच्या गाड्या भरून आल्या. बायका पडद्यासमोर बसतात, पदर तोंडाला लावतात. छ. काळ्या कापडातून डोकं काढून हलक्या आवाजात सांगतो, "जरा इकडे बघा, रडू नका, हलेल." फोटो झाला की पुन्हा रडा.
दारात सुताचे हार विकायला ठेवलेत. माणूस हार घेतो, पडद्याला घालतो, फोटो होतो, बाहेर जातो. तोच हार मागच्या दाराने परत दारात. मी उभा राहून पाहिलं, एकच हार सकाळपासून फिरत होता.
आणि सगळे म्हणतात, छगनभाईने काय पुण्य केलं! एकाने तरी विचारावं, रंगवलं कोणी? एकाने तरी?

९ फेब्रु.
सौ. जाऊन आली. फोटो काढायचा म्हणते. "छगनभाऊंचं बोलणं किती गोड!" जेवलो नाही.

१० फेब्रु.
डबा-कुंचला घेऊन गेलो. म्हटलं, कोपऱ्यात माझं नाव टाकतो. छ. हसला. "देवाच्या मूर्तीवर कोणी नाव टाकतं का रे?" आणि हे म्हणताना हात काय करत होता? फोटोंच्या पाठीवर शिक्के मारत होता! धाड धाड. रांगेतल्या लोकांसमोर परत फिरलो.
मेल्याचं दुकान जळो असं मनात आलं. मग आठवलं, आत माझा पडदा आहे.

१२ फेब्रु., गुरु.
तेरावा. गावातल्या बऱ्याच माणसांनी डोकी भादरली, मीही. हजामाकडे रांग, तिथून उठून लोक थेट छ.च्या रांगेत. तुळतुळीत डोक्याने फोटो हवा प्रत्येकाला.
माय म्हणाली, दर्शन करी येस. सकाळी गेली ती दुपार टळल्यावर आली. सौ.ने विचारलं, एवढा वेळ? माय कपाळाला हात लावून बसून राहिली.

१३ फेब्रु.
माय सकाळी चुलीपाशी म्हणाली, "तू वळखं नही?"
कोणाला?
"तो तुन्हा बाप शे. कान देख त्यास्ना."
हसलोच मी. म्हटलं, माय, म्हातारी माणसं सगळी सारखी दिसतात. ती शांतपणे राखेत बोट फिरवत राहिली. "डावा कान," एवढंच म्हणाली.

पुन्हा, त्याच दिवशी.
जाऊन पाहिला. दर्शनाच्या रांगेत उभा राहून. डावा कान. पाळी खालून दुभंगलेली. आबांच्या कानात बाळी होती. सूत वाळत घालताना दोरीत अडकली आणि पाळी फाटली. मी तेव्हा लहान. रक्त आणि नीळ एकत्र मानेवरून वाहत होतं. हे मी रंगवलं? कधी? तो कान, ते बोळकं, गळ्याखालचा खळगा. सगळे आबा. महात्माजींचा फक्त चष्मा.
माझ्यापुढे एक म्हातारा पडद्याच्या पायाशी डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडत होता. आबांच्या मयताला हा आला नव्हता. हा कशाला, कोणीच आलं नव्हतं! माझा बाप आहे तो, मला रडू द्या आधी, असं ओरडावंसं वाटलं. मागचा म्हणाला, "चाल ना भाऊ, पुढं सरक."

१५ फेब्रु., रवि.
दोन दिवस अंथरुणात. ज्याचा चेहरा आठवेना म्हणून रडलो तो माझ्या हातात होता, आणि मी तो विकून बसलो. तोही कोणाला!
माय घरात नाही. कुठे गेली ते विचारायची गरज नाही.

१६ फेब्रु.
मायकडे फोटो आहे. लुगड्याच्या घडीत ठेवलाय, मागितला तर दाखवला. चटईवर माय, डोक्यावर पदर, गुडघ्यावर हात. शेजारी आबा. इतकी सरळ बसलेली तिला मी पाहिली नव्हती.
"त्यास्नासंगे मन्हा एक बी फोटो नव्हता," म्हणाली.
मागे शिक्का. छ.चा.
तडक दुकानात गेलो. मायकडून पैसे घेतलेस? विचारलं. म्हणाला, "काकीकडून? वेडा झालास?" मग हळूच, गिऱ्हाइकांना ऐकू जाऊ नये म्हणून, "पहिल्या दिवशीच ओळखले मी काकांना. मला वाटलं, तू मुद्दाम काढलेत. म्हणून काही बोललो नाही."
त्याने ओळखले. माझ्या घरी जेवून गेलेल्या परक्या माणसाने एका नजरेत ओळखले. रंगवले मी, आणि मी नाही ओळखले. पोळ्याला तो फोटो काढू दिला असता तर... माझ्याच जळण्याने घालवला. आणि शेवटी तो फोटो त्यानेच दिला मायला. याचा राग करू तरी कसा? पण येतो. अजून येतो.

१८ फेब्रु., बुध.
इथली गर्दी ओसरली. छ.ने सुरतेच्या एका दुकानदाराला पडदा द्यायचं ठरवलंय. त्या पार्टीचा माणूस येऊन पाहून गेला. खूश झाला, फक्त कानाशी अडला. "महात्माजींचा कान असा नव्हता. एवढा नीट करून द्या."
छ. पडदा गुंडाळून घरी घेऊन आला. म्हणाला, "तू म्हणशील तसं. नको म्हणालास तर नाही देणार. देणार असलो तर नाव टाक तुझं कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात." आता म्हणतो! आबांच्या पायाशी माझी सही, वर दुसऱ्याचा कान.
खरं सांगून टाकावं गावाला? रनाळ्याच्या त्या बायका, तो म्हातारा, भादरलेली डोकी... एका रंगाऱ्यापुढे रडलो म्हणून चिडतील. छ.चं दुकान फोडतील. हे मनात आल्यावर क्षणभर बरं वाटलं, तेही लिहून ठेवतो.

१९ फेब्रु., गुरु.
सकाळी अंगणात पडदा पसरला. गेरूत सफेदा कालवून कानाचा रंग केला. माय शेजारी बसली.
"सुरतनां लोके बी रडतीन का त्यास्ले देखीसन?"
रडतील, म्हटलं.
"मंग जाऊ दे. आठे त्यास्ले कोन रडनं?"
थोड्या वेळाने उठून तिने पदराच्या टोकाने आबांच्या खांद्यावरची धूळ झटकली आणि आत गेली.
कुंचला दोनदा कानापर्यंत नेला. दोनदा पाण्यात बुडवला. रंग वाळत चाललाय.
आत्ता छ. आला. गाडी साडेदहाची, टांगा दारात उभा. माझ्या हातातला कुंचला पाहिला त्याने. जवळ बसून म्हणाला, "तुला जमत नसेल तर दे इकडे. मी पुसतो."
कुंचला सोडला नाही. आबांच्या कानाला त्याने हात लावायचा नाही, एवढंच कळतंय. टांगेवाला हाका मारतोय. कान अजून तसाच आहे.