खटला केजातच चालावा

मी, मल्लिकार्जुन बसवेश तोडकर, वय एकाहत्तर, धंदा लोखंड-सिमेंटचे दुकान, राहणार केज, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. हृदय थकले आहे, डोके शाबूत आहे. शंका असेल त्याने माझे कोणतेही भाषण आठवावे. कोणाचा दबाव नाही. तो आणणे आजवर कोणाला जमलेले नाही.

एक. राहते घर पत्नी शिवगंगा हिचे. ती हयात असेतो वाटणीचा विषय काढू नये.

दोन. दुकान मुलगा वीरेश याला. धंदा तो माझ्यापेक्षा चांगला करतो, कारण गिऱ्हाइकाला व्याख्यान देत नाही.

तीन. पुस्तकांची कपाटे गावच्या वाचनालयाला. समासात मी लेखकांशी भांडलो आहे; ते खोडू नये.

चार. विजयसिंहवरील चेकचा खटला. त्याने स्वतःच्या नव्या इंग्रजी शाळेच्या इमारतीसाठी माझ्याकडून सळई आणि सिमेंट नेले. दिलेला चेक वटला नाही, म्हणून मी केजच्या कोर्टात कलम १३८ खाली फिर्याद दिली. तेव्हापासून तो खटला हलवू पाहतो. आधी अंबाजोगाईला मागितला, कारण त्याचा डॉक्टर तिथे. मग बीडला, कारण वकील तिथे. दोन्ही अर्ज फेटाळले गेले. आता औरंगाबादसाठी उच्च न्यायालयात अर्ज आहे, आणि कारण मी! मी बाजारात भोंगा लावून या खटल्यावर बोललो, म्हणून केजात आपल्याला न्याय मिळणार नाही, असे तो म्हणतो. अर्जाला भाषणाच्या बातमीचे कात्रण जोडले आहे. त्यात माझी उत्तम वाक्ये गाळली आहेत.

कोर्टाच्या पायरीवर मला म्हणाला, "आप्पा, केजात लई जीभ चालती तुमची. औरंगाबादला चालवून दावा."

मी म्हणालो, "माल केजात उतरला, चेक केजात परत आला. मग न्यायालाच कामून एष्टीत बसवतो रे?"

माझे साक्षीदार हमाल आहेत. औरंगाबादच्या प्रत्येक तारखेला त्यांचा रोजगार बुडेल आणि शेवटी कोणी जाणार नाही. हा खटला हलवणे म्हणजे तो मारणे.

वीरेश म्हणतो, "आप्पा, मिटवून टाका की. मला हितंच धंदा करायचाय." म्हणून खटला त्याला देत नाही. माझ्या पश्चात तो कोर्टाच्या परवानगीने मुलगी रोहिणी हिने चालवावा. येणारी रक्कम तिची. ती तेलगावच्या शाळेत शिकवते. बोलते थोडे, पण उत्तर मिळेपर्यंत समोरच्याकडे बघत राहते.

एवढे वाचून शिवगंगा म्हणाली, "जलमभर बोलून खटला घालवायची पाळी आणली. मेल्यावर तरी गप बसा." तिचे बरोबर आहे. म्हणून,

पाच. मला लिंगायत रीतीप्रमाणे बसवून समाधी द्यावी. विभूती, बेल, मंत्र व्हावेत. भाषण होऊ नये. शोकसभा, फलक, वर्तमानपत्रात मजकूर, काही नको. त्याचेही कात्रण अर्जाला जोडले जाईल. माझा भोंगा म्हाळू मंडपवाल्याचा. त्या दिवशी त्याने तो घरीच ठेवावा. विजयसिंह आला तर अडवू नये. बोलायला उठला तर त्यालाही खाली बसवावे.

सभा निकालाच्या संध्याकाळी, केजच्या बाजारात घ्यावी. निकाल विरुद्ध गेला तरी घ्यावी. हमालांना पुढे बसवावे, आणि रोहिणीने एवढेच सांगावे, की खटला इथे चालला आणि साक्षी इथल्या माणसांनी दिल्या.

केज, ता. ९ फेब्रुवारी १९९७

(सही) मल्लिकार्जुन बसवेश तोडकर

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्ही साक्षीदारांनीही त्यांच्यासमक्ष केली.

१. (सही) सुंदरराव, नांदूरघाट. प्रत्येक निवडणुकीत आप्पांचा विरोधक
२. (सही) वनमाला, केज, शेजारीण