चाकांखालची लिंबं

कणीक मळून ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली होती. झेंडूच्या माळेत आंब्याची पानं ओवायची राहिली होती. बाल्कनीतल्या चादरी खाडीवरच्या दमट हवेने पुन्हा ओल्या झाल्या होत्या, म्हणून मी त्या उलटून घालत होते. खाली उथळ पाण्यात फ्लेमिंगो उभे होते, झोपेत असल्यासारखे.

चारुदत्त आतून ओरडले, "छाया, लिंबं किती आणलीस?"

"चार. चाकं चारच आहेत ना?"

"आणि स्टेपनीला?"

"स्टेपनी कुठे धावणार आहे आज?"

त्यावर ते हसले आणि त्यांनी कणकेच्या परातीशेजारी ठेवलेली लिंबं खिशात टाकली.

तो तीन वर्षांपूर्वीचा दसरा. ती सकाळ मला इतकी नीट आठवते, यावरून माझी स्मरणशक्ती शाबूत आहे असे वाचणाऱ्याने समजावे. मी छाया चारुदत्त पोतनीस, वय बासष्ट, राहणार उम्म अल कुवैन. डोळ्यांना चष्मा आहे, गुडघे दुखतात, डोक्याला काही झालेले नाही. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. मुलाने जे सांगितले ते शांतपणे ऐकून घेतले आणि त्याच्या उलट लिहीत आहे, यावरून तेही सिद्ध व्हावे.

हे आधी मराठीत लिहीत आहे. वकील पर्णिका याचे इंग्रजी आणि अरबी करून नोंदवणार आहे. ती म्हणाली, "काकू, कारणं लिहायची गरज नसते." मी म्हटलं, मला आहे. तिने एक नियमही सांगितला: ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. तो मी लक्षात ठेवला आहे.

कलम एक. चिंचवडचा फ्लॅट मुलगा वेदांग आणि मुलगी ईशानी यांना निम्मा निम्मा द्यावा. त्यावरून भांडू नये. भांडायचंच असेल तर तिथे सकाळी पाणी येतं त्या वेळात भांडावं, म्हणजे लवकर आटपेल. बँकेतली शिल्लकही दोघांत सारखी.

कलम दोन. बांगड्या आणि मोहनमाळ ईशानीला. माझे पितळी पुरणयंत्र नणंद कुंदावन्सं यांच्याकडे आहे. एका होळीपुरते नेले होते. ते त्यांच्याकडेच राहू द्यावे. ते माझे आहे, एवढेच इथे नमूद करते.

कलम तीन. माझी इंग्रजी-मराठी डिक्शनरी आणि इंजिनचे मॅन्युअल नात शुभ्रा हिला. माझी शाळा नववीत सुटली. पुढचं शिक्षण मी हाताला लागेल ते वाचून केलं: वाण्याच्या पुड्यांचे कागद, लायब्ररीतली मासिकं, औषधांच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं. इंग्रजी मात्र मी या मॅन्युअलवरून शिकले. एका हातात डिक्शनरी आणि दुसऱ्या हातात ते. म्हणून मला आजही इंग्रजीत नीट भाजी मागता येत नाही, पण कार्ब्युरेटर उघडून परत बसवायला कोणी सांगितलं तर त्याच्याशी बोलता येतं. शुभ्राने यावर हसून म्हटलं होतं, "आजी, दॅट इज सो कूल." तेव्हाच ठरवलं की पुस्तक तिचं. पानांवर ग्रीसचे ठसे आहेत, ते पुसू नयेत. मोठे ठसे आजोबांचे आहेत.

कलम चार. गाडी. याच कलमासाठी मी एवढे लिहायला बसले आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर.

गाडी १९३४ सालची, दोन दारांची फोर्ड कूपे आहे. शारजाच्या एका भंगारवाल्याकडे ती कंटेनरमधून आली होती. म्हणजे गाडीचं अंग आलं होतं, आत काही नव्हतं. चारुदत्तांचा एसीच्या डक्टचा धंदा होता, पत्र्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्यांनी तिच्या गंजक्या मडगार्डवरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "बघ, असा गोल पत्रा आता कोणी वळवत नाही." मी म्हटलं, "घरी कुठे ठेवणार?" ते म्हणाले, "घरी कोण म्हणतंय?" इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या शेडचा मागचा भाग तेव्हापासून तिचा झाला.

जुन्या गाडीचं अंग ठेवायचं, इंजिन तेज करायचं, छप्पर खाली आणायचं आणि ती तरुणपणी धावली नसेल इतकी जोरात धावेल अशी करायची, याला हॉट रॉड म्हणतात. आमचे मित्र जगन्नाथ भावजी याला पाप म्हणतात. त्यांच्या मते जुनी गाडी होती तशीच उभी करावी, स्क्रूसुद्धा त्याच काळचा हवा. तरी दर शनिवारी ते शेडवर यायचे. शेजारच्या गाळ्यात कशफ आहे, कराचीची, सोफे आणि गाड्यांच्या सीट शिवते, तीही यायची. मी डबा घेऊन जायचे आणि संध्याकाळपर्यंत तिथेच राहायचे.

कामं पुढे जायची आणि मागे यायची. इंजिन उन्हात चहासारखं उकळायचं. रेडिएटर बदलला, तरी उकळायचं. पंप बदलला, तेव्हा कुठे थंडावलं. गाडीला गडद निळा रंग दिला त्या दिवशी शमाल, म्हणजे इथला वाळूचा वारा, सुटला आणि शटरच्या फटीतून आलेली वाळू ओल्या रंगावर बसली. सगळं घासून पुन्हा रंगवलं, पण डाव्या दारावरची वाळू ह्यांनी ठेवली. "गाडी इथली झाली," म्हणाले. त्या दारावर तळवा ठेवला की अजून किनाऱ्यासारखं लागतं. ते दार कोणीही पॉलिश करू नये.

मग छपराचं झालं. छप्पर तीन इंचांनी खाली आणायचं म्हणजे खांब कापायचे आणि पुन्हा जोडायचे. किती कापलं तर माणूस आत बसेल, हे आधी बघावं लागतं. चारुदत्तांना स्वतःच बसून स्वतःच मोजता येईना. तेव्हा त्यांनी जगन्नाथ भावजींना सीटवर बसवलं, "जरा सीटची उंची बघतो," म्हणाले, आणि भावजींच्या डोक्यावर पट्टी धरून खांबावर खडूने खूण केली. भावजी बिचारे ताठ बसले होते, फोटो काढायला बसावं तसे. पुढच्या शनिवारी ते आले तेव्हा छप्पर खाली आलं होतं.

"माझ्याच डोक्याचं माप घेऊन करवत लावलीस? कसाई आहेस तू, चारू!"

"अरे, पण बघ तरी कशी दिसते!"

"खलास. आता मी या शेडमध्ये पाऊल टाकणार नाही."

आणि चूक काय झाली होती, ती मग कळली. भावजी ह्यांच्यापेक्षा चांगले वीतभर बुटके. चारुदत्त आत बसले तर मान वाकडी करून बसावं लागे. कशफने सीटच्या स्प्रिंग काढल्या, पातळ गादी शिवली, तरी केस छपराला लागायचेच. "भाईसाब, गाडी तो जगन्नाथभाई की साइज की बनी है," ती म्हणायची. ह्यांना हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

पण गाडीचं स्टिअरिंग तेव्हा भावजींच्या घरी होतं. लाकडी कड्याचं, तडा गेलेलं. तो तडा भरून पॉलिश करायला त्यांनी भांडणाआधीच नेलं होतं. त्यांनी ते परत आणलं नाही आणि ह्यांनी मागितलं नाही.

दसऱ्याला चारुदत्तांनी पूजा मांडली. बॉनेटला झेंडूचा हार, हत्यारांना हळद-कुंकू, चारही चाकांखाली लिंबं. नवी गाडी लिंबांवरून पुढे न्यायची, तेव्हा ती आपली झाली. ह्यांनी आपट्याची पानं वेगळी काढून ठेवली होती. दसऱ्याला सोनं द्यायला कोणीही कोणाकडे येतं, तेव्हा जगन्नाथ स्टिअरिंग घेऊन येणार, अशी त्यांची खात्री होती. इंजिन सुरू करून आम्ही वाट पाहिली. कशफचा चहा झाला. भावजी आले नाहीत. चारुदत्तांनी इंजिन बंद केलं आणि म्हणाले, "उद्या मीच जातो." दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत.

भावजी स्मशानात आले होते, लांब उभे होते. त्यांच्या पत्नी शालिनीवहिनी महिनाभर माझ्याकडे डबा पाठवत होत्या. स्टिअरिंगबद्दल कोणी बोललं नाही. दुसरं मागवता आलं असतं, कशफने विचारलंही. पण तिथे दुसरं काही बसवलं असतं, तर ह्यांचं भावजींकडे जायचं राहिलं होतं ते कायमचंच राहिलं असतं.

मी शनिवारी शेडवर जात राहिले. लिंबांच्या बाजूबाजूने झाडते. ती वाळून काळी, टणक झाली आहेत, इथल्या दुकानांत वाळवलेली लिंबं मिळतात, त्या लूमीसारखी. शटर वर करते, बॅटरी जोडते, इंजिन सुरू करते आणि आत बसते. मला छप्पर लागत नाही. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येतं आणि इंजिनच्या थरथरीने ते माझ्या मांडीवर हलतं. गाडी जागेवरच असते. पण थोड्या वेळाने मला खाडीचा रस्ता दिसू लागतो, दोन्ही बाजूंना पाणी, पाण्यात ते पक्षी. शेजारच्या सीटवर हे मान वाकडी करून बसलेले असतात. कुठे जायचं आहे ते दोघांनाही माहीत नसतं आणि त्याचं काही वाटतही नाही. मग इंजिन तापतं, मी ते बंद करते आणि घरी येऊन स्वयंपाकाला लागते.

आता धंदा विकला आहे आणि डिसेंबरअखेर शेड रिकामी करायची आहे. वेदांग परवा म्हणाला, "आई, दुबईत एक कॅफे आहे, ते गाडी घेतील. काचेमागे ठेवतील, एसीत. इट विल बी सेफ."

"चालवतील का?"

"डिस्प्ले पीस आहे, आई. इंजिन काढून टाकतील, वजन कमी व्हायला."

"मग उरलं काय तिच्यात?"

"द लुक."

पोराचा जीव आहे माझ्यावर. मी त्या शेडमध्ये एकटी बसते याची त्याला काळजी वाटते. तरीही: गाडी आणि सर्व हत्यारे कशफ यांना द्यावीत. त्यांच्या गाळ्यात जागा आहे. गाडी काचेमागे ठेवू नये. इंजिन काढू नये. माझ्या मागे वेदांगने जगन्नाथ भावजींकडून स्टिअरिंग मागून आणावे, ते बसवावे, आणि गाडी लिंबांवरून पुढे न्यावी. तोपर्यंत ती लिंबं कोणी हलवू नयेत. मला तिसऱ्या टेस्टला लायसन्स मिळालं, वेदांगला पहिल्यालाच, तेव्हा त्याला हे जड जाऊ नये.

कलम पाच. कापलेल्या खांबांचे तीन-तीन इंचांचे तुकडे चारुदत्तांनी टाकले नव्हते. तेल लावून, फडक्यात बांधून ठेवले होते. फडक्यावर त्यांनी "जगन्नाथ" असे लिहिले आहे. ते माझ्या मृत्यूनंतर जगन्नाथ भावजींना द्यावेत. भावजी, तुम्हाला प्रत्येक गोष्ट जुनीच लागते. हे अस्सल आहे.

इथवर शुक्रवारी संध्याकाळी लिहिले. सही करायची राहिली, कारण दुसरा साक्षीदार सुचेना. शालिनीवहिनी तयार होत्या, पण एकट्याच.

पुरवणी. वरचे सगळे पुन्हा वाचून काढले. कलम चारमध्ये मी मुलाला जे काम लावले होते, त्याला माझ्या मरणाची काहीच गरज नव्हती.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडक्यातले तुकडे घेऊन जगन्नाथ भावजींच्या घरी गेले. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, "भावजी, स्टिअरिंग न्यायला आले."

"तीन वर्षं लावलीत, वहिनी."

"तुम्ही किती लावलीत?"

आतून शालिनीवहिनी म्हणाल्या, "दर शनिवारी तेल लावतात त्या लाकडाला. माझ्या गुडघ्यांना लावलं असतं तर मी धावले असते!"

भावजींनी फडकं सोडलं, त्यावरचं नाव वाचलं आणि पुन्हा तशीच गाठ मारली. मग ते आणि शालिनीवहिनी माझ्याबरोबर शेडवर आले. स्टिअरिंग त्यांनीच बसवलं. बसवताना सीटवर ताठ बसले, हात वर केला, डोकं आणि छप्पर यांच्यामधलं अंतर चाचपलं.

"गाढवाने माप मात्र बरोबर घेतलं होतं," म्हणाले, आणि बराच वेळ खाली उतरले नाहीत.

कलम पाच रद्द समजावे. तुकडे हातोहात दिले आहेत, त्यामुळे जगन्नाथ भावजींना या मृत्युपत्रातून आता काही मिळत नाही. कलम चारमधली स्टिअरिंगची आणि लिंबांची अटही रद्द. बाकी सर्व कायम.

कशफने शटर पूर्ण वर केलं. भावजी उतरले, मी बसले. पहिला गिअर टाकला आणि गाडी चारही लिंबांवरून पुढे, उन्हात नेली.

लिहून देणार : छाया चारुदत्त पोतनीस (सही)

साक्षीदार : शालिनी जगन्नाथ दिघे (सही)
साक्षीदार : जगन्नाथ वामन दिघे (सही)

स्थळ : इंडस्ट्रियल एरिया, उम्म अल कुवैन
दिनांक : १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार