गच्चीवरचा उकिरडा

१२ ऑगस्ट, मंगळवार

घरमालकीण आज जिन्यात आडव्या आल्या. रत्नमालाबाई. हातात आमचीच पिशवी! केळीची सालं, शिळा भात, चहाचा चोथा, वर गोकुळचं दाढीचं पातं.

"हे कुणाचं? कुत्र्यानं फाडून माझ्या दारापर्यंत आणलंय."

गोकुळ माझ्याकडं बघतोय, मी गोकुळकडं. एका खोलीत दोघं, तर तिसऱ्याचं नाव कुठून सांगायचं?

घंटागाडी येते साडेआठला. आम्ही सातला कंपनीत. मग जाता जाता पिशवी कोपऱ्यावर. बजाजनगरात सगळे तेच करतात, पण सापडलो आम्ही!

"पुढच्या वेळी पिशवी नाय, तुमच्या बॅगा बाहेर दिसतील," म्हणल्या.

माझी बॅग तशी भरलेलीच असते. चार वर्षांत पाच ठिकाणं झाली — सुरत, हैदराबाद, भिवंडी, नाशिक, आता हे. दोन कपडे दोरीवर, बाकी सगळं कॉटखाली. मन उठलं की आपण निघालो.

१४ ऑगस्ट

आईला फोन केला. दर वेळी तेच बोलणं. म्हणलं, ये ना इकडं. किनवटच्या पलीकडं एकटी काय करती? वावर चुलत्याकडं बटईनं, जनावरं विकली, राहिल्या चार कोंबड्या.

आई म्हणली, "दोन सालामागं हैदराबादला ये म्हणलास. मी लुगडी बांधली, तर तू भिवंडीला! जिथं आपला उकिरडा नाय, तिथं माणूस पाव्हणा. आन पाव्हण्याच्या घरी मी पाव्हणी येऊ व्हय?"

राग आला. फोन ठेवल्यावर हसू आलं. उकिरडा म्हणे!

१७ ऑगस्ट, रविवार

गच्चीवर रत्नमालाबाईंचा निळा ड्रम पडून होता. विचारलं, "घेऊ का? ओला कचरा यातच जिरवतो."

"वास आला तर?"

"नाय येणार. शेतकऱ्याचं पोर हाय मी."

लई बोललो का?

२४ ऑगस्ट

उकिरडा काय शिकावा लागतो? टाकायचं आन विसरायचं. आई उन्हाळ्यात वरून पाणी मारायची, म्हणून मीही रोज दोन तांबे ओततो. वर झाकण घट्ट. झालं!

१ सप्टेंबर, सोमवार

मेलो!

आज महालक्ष्म्यांचं जेवण. रत्नमालाबाईंच्या गच्चीवर मांडव, पंचवीस पानं. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी. आम्हालाही बोलावलेलं. पहिली पंगत बसली आन गोकुळ माझ्या कानात म्हणला, "ड्रम फुगलाय का रं?"

फुगलाच होता. कुणाच्या तरी पोरानं झाकण उघडलं. मी सुरतेची खाडी बघितलीय, पण असा वास नाय. बाया पदर नाकाला लावून उठल्या. पाव्हणे ताट हातात घेऊन जिना उतरले. महालक्ष्म्या तेवढ्या जागेवर. मुखवटे होते म्हणून!

रत्नमालाबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आठ दिवस. वास गेला नाय तर खोली खाली."

गोकुळ म्हणला, चल चाकणला, माझा मावसभाऊ कामाला लावतो. मी बॅग ओढून बाहेर काढली. आईचं बोलणं आठवलं. आता तिला सहावं गाव कसं सांगू? बॅग परत आत सारली.

३ सप्टेंबर

सेकंड शिफ्ट मागून घेतली, खास घंटागाडीसाठी. गाडीवर विशाखाताई असतात. म्हणलं, ताई, पाया पडतो, एवढा ड्रम रिकामा करून न्या. त्या वर आल्या, झाकण काढलं, तोंड फिरवलंच नाही. आतला चिखल काठीनं हलवला.

"हे मी नाय नेणार. खराब कुठंय? नुसतं आंबलंय. तू जेवताना नुसतं वरण पितो का? भात लागतो ना? तसं ओल्याला सुकं लागतं. पाला, भुसा, काय बी."

म्हणलं, "गावाकडं आम्ही काही घालत नाय ताई."

"गावाकडं उकिरडा जमिनीवर असतो दादा. पाणी माती पिती. कोंबड्या दिवसभर उकरत्यात, वारा लागतो. इथं माती कुठंय? कोंबडी कुठंय?" मग माझ्याकडं बघून म्हणल्या, "इथं कोंबडी तूच!"

जाताना गाडीतून वाळल्या पाल्याचं पोतं दिलं. म्हणल्या, आंबट ताक शिंपड, दह्याला विरजण लागतं तसं याला बी लागतं. आन पाणी बंद!

४ सप्टेंबर

ड्रिलनं ड्रमला भोकं पाडली. चाळीस. भोकं पाडायचंच तर काम करतो दिवसभर! खालून काळं पाणी गळालं, ते घासून धुतलं. पाल्याचा थर, चिखलाचा थर, परत पाला. वरून ताक. हात तीनदा साबणानं धुतले, तरी गोकुळ माझ्या हातची भाकर खाईना.

७ सप्टेंबर

दिवसाआड सळईनं उकरतो. मी गच्चीवर निघालो की गोकुळ खालून ओरडतो — कुक् कुक् कुक्!

९ सप्टेंबर

आठवा दिवस. रत्नमालाबाई वर आल्या. ड्रममध्ये डोकं घातलं. परत घातलं.

"वास कुठंय?"

गेला म्हणलं तर तोंड थोडं पडलंच त्यांचं! भांडायची सगळी तयारी करून आलेल्या. आता म्हणतात, दिवाळीपर्यंत ठेव, खत दिसलं तर खरं.

१९ सप्टेंबर

रत्नमालाबाई भाजीची देठं घेऊन आल्या. "टाकते हं," म्हणल्या आन गेल्या. प्लास्टिक, पुठ्ठा आम्ही वेगळ्या पिशवीत त्यांच्या दाराशी ठेवतो, सकाळी त्या विशाखाताईंना देतात. आधी रोज एक पिशवी भरायची. आता आठवड्याला एक, तीही कोरडी. कुत्रं येऊन हुंगून गेलं, नाराज होऊन.

२७ सप्टेंबर

पाऊस थांबेना. ड्रमवर पत्रा, पत्र्यावर वीट. कंपनीत जाताना दोनदा मागं वळून बघितलं.

५ ऑक्टोबर

आत हात घातला तर गरम! वाफ आली. चार वर्षांत पाच कंपन्या केल्या, एवढा खूश कुठं झालो नव्हतो. कुणाला सांगावं? म्हणून या वहीला सांगतो. सातवी शिकलेल्याची वही.

१२ ऑक्टोबर

गोकुळ चाकणला गेला. मलाही लई ओढलं. म्हणलं, ड्रम अजून कच्चाय.

"कचऱ्यापायी थांबतो? येडा झाला काय!"

"व्हय."

स्टँडवर सोडून आलो. पाय चुळबुळले, खोटं कशाला बोलू? पण परत आलो.

२२ ऑक्टोबर, पाडवा

दोनच दिवसांची सुट्टी. किनवटला जाऊन येण्यात निम्मी गेली असती, म्हणून इथंच राहिलो.

सकाळी तळातलं खत काढून चाळणीनं चाळलं. काळंभोर, भुसभुशीत. केळीचं साल कोणतं, भात कोणता, काय कळेना. वास आमच्या परसातल्या अळवाखालच्या मातीचा. रत्नमालाबाईंनी मूठभर घेतलं, नाकाशी नेलं, तसंच धरून ठेवलं.

"हा जिना आहे ना, इथं आमची तूर असायची," म्हणल्या. "कॉलनी व्हायच्या आधी. अशी माती हातात घेऊन तीस वर्षं झाली." मग तुळशीला नेलं. ओंजळ भरून, वर अजून एक ओंजळ. खोलीचं काही बोलल्याच नाहीत!

गावाकडं दिवाळीत आई उकिरड्यावर पणती ठेवते. लहानपणी मी हसायचो — घाणीला कशाला दिवा? ती म्हणायची, "आपण टाकलेलं सगळं त्यानं पोटात घातलं, आन आपल्याला धान्य दिलं."

दिवेलागणीला ड्रमच्या पत्र्यावर पणती लावली. गावाकडं आईच्या शेजारणीच्या, गोजरबाईच्या मोबाईलवर फोटो पाठवला, आईला दाखव म्हणलं. आई फोनवर आलीच नाही. गोजरबाई म्हणली, "फोटो बघत बसलीय. मोबाईल देईना मला."

२६ ऑक्टोबर

बॅग रिकामी केली. वाळला पाला भरायला बरी आहे.

३० ऑक्टोबर

आज आईनं स्वतःहून फोन केला. "कोंबड्या गोजरला दिल्या. परवाच्या एसटीत बसती."

विचारलं, सामान किती हाय?

"दोन लुगडी, तुझ्या बापाचा फोटो. आन आपल्या उकिरड्यातलं ओंजळभर घेतलंय — तुझ्या ड्रमाला विरजण."